नवे ब्रेक पॅड, तेच डावं चाक: तीन सेट घालवल्यावर सापडलेलं कारण

चौदा महिन्यांत पुढच्या ब्रेक पॅडचे तीन सेट. गाडी तीच, हात माझेच, आणि त्रास देणारं चाकही तेच, पुढचं डावं. नवे पॅड टाकले की दोन-तीन आठवडे सगळं सुरळीत. मग एखाद्या दिवशी बाजाराच्या गर्दीत ब्रेक दाबला की चीं असा आवाज. पुढे ब्रेक सोडल्यावरही बारीक कुरकुर. आणि शेवटी डाव्या रिमवर काळ्या भुकटीचा थर. उजवं चाक तेवढ्याच धुळीतून फिरून आलेलं असायचं, पण त्याच्यावर बोट फिरवलं तर साधी माती निघायची.

मी मेकॅनिक नाही. गेवराईत बी-बियाणं आणि औषधांचं दुकान चालवतो. शेती आहे, ट्रॅक्टर आहे, त्यामुळे पाने-पकडींची सवय आहे आणि "एवढ्याशा कामाला गॅरेज कशाला" ही खोडही आहे. गाडी साधी पेट्रोल हॅचबॅक, पुढे डिस्क, मागे ड्रम. हा त्रास ज्यांच्या मागे लागलाय त्यांच्यासाठी लिहितोय, कारण मी पॅडला शिव्या देण्यात वर्ष घालवलं आणि पॅडचा त्यात काडीचा दोष नव्हता.

पहिला सेट गेला तेव्हा ज्याला विचारलं त्याने एकच सांगितलं, पॅड हलके असतील. म्हणून दुसरा सेट महागातला आणला. तोही तसाच गेला. तेव्हा एका गॅरेजात दाखवलं तर त्यांनी डिस्क बदलायला सांगितली. डिस्कच्या कडेला कमीत कमी जाडीचा आकडा कोरलेला असतो, तो मी व्हर्नियर लावून पडताळला होता. डिस्क त्याच्यापेक्षा चांगली जाड होती आणि ब्रेक मारताना स्टिअरिंगही थरथरत नव्हतं. म्हणून डिस्क राहू दिली आणि तिसरा सेट टाकला. हट्टच म्हणा.

डोळे उघडले ते मांजरसुंब्याच्या घाटात. केजहून, सासुरवाडीहून परत येत होतो. मे महिना, दुपारचे तीन. बीडकडून जाताना तो घाट चढ असतो, तेव्हा काही कळत नाही. येताना उतार. वळणावळणाला ब्रेक मारत खाली आलो आणि पालीच्या जवळ बायको म्हणाली, "अहो, काहीतरी करपल्यासारखा वास यायलाय बघा." तोपर्यंत पेडल नेहमीपेक्षा खोल जायला लागलं होतं. गाडी गिअरवरच सावकाश उभी केली. डाव्या चाकाजवळ हात नेववत नव्हता. उजव्याजवळ ऊब होती, एवढंच.

पेडल खोल का गेलं ते नंतर कळलं. ब्रेक ऑइल हवेतली ओल ओढून घेतं आणि ओल शिरली की त्याचा उकळबिंदू खाली येतो. डॉट ३ प्रतीचं ऑइल नवं असताना किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण ओल धरल्यावर ही मर्यादा १४० वर येते. डॉट ४ चं हेच गणित २३० आणि १५५ असं आहे. माझ्या गाडीतलं ऑइल चार वर्षांचं होतं. सतत घासून तापलेल्या कॅलिपरमध्ये, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या चिमट्यात, ते उकळलं, वाफेचे बुडबुडे झाले, आणि बुडबुडा दाबला जातो, ऑइल दाबलं जात नाही. म्हणून पाय खाली गेला. अर्धा तास सावलीत थांबल्यावर पेडल परत आलं. तापलेल्या डिस्कवर पाणी मात्र मारू नका. मला एका रसवंतीवाल्याने प्रेमाने बादली आणून दिली होती. लोखंड एकदम गार झालं की वाकतं, कधी तडकतंही.

घरी आल्यावर पहिल्यांदा, पॅड न बदलता, नुसतं बघायला बसलो. हे मी पहिल्याच वेळी करायला हवं होतं.

आधी रस्त्यावरची परीक्षा. सकाळी रिकाम्या सपाट रस्त्यावर तीन-चार किलोमीटर जायचं, शक्यतो ब्रेक न दाबता, शेवटी गिअर उतरवत गाडी थांबवायची आणि चारही चाकांच्या रिमजवळ हाताची मागची बाजू न्यायची, चिकटवायची नाही. ब्रेक मारलाच नाही तरी जे चाक तापलंय, तिथे पॅड डिस्कला सोडत नाहीये. कोरोनातली कपाळाला लावायची गन घरात पडली असेल तर ती उपयोगाची नाही. ती बेचाळीस-त्रेचाळीसच्या पुढे मोजतच नाही, आणि आमच्याकडे मे महिन्यात सावलीच तेवढी असते.

माझ्या गाडीत आणखी एक कोडं होतं. नुसती चालवताना गाडी किंचित डावीकडे जायची, पण जोरात ब्रेक मारला की उजवीकडे. मला वाटायचं व्हील अलाइनमेंट गेली असेल. खरं म्हणजे दोन्ही एकाच रोगाची लक्षणं होती. डावा कॅलिपर अडकलेला, म्हणून सोडल्यावर सुटत नव्हता आणि डावीकडे ओढत होता. अडकलेलाच असल्यामुळे दाबल्यावर नीट आवळतही नव्हता, म्हणून ब्रेक मारला की उजव्या चाकाचा जोर जास्त पडायचा.

मग जुने पॅड. आधीच्या दोन्ही सेटचे पॅड मी भंगारात न देता गोठ्याच्या वळचणीला टाकले होते, ते बरं झालं. गाडीतला तिसराही काढला आणि सगळे वर्तमानपत्रावर ओळीने मांडले. पॅडची झीज बरंच काही बोलते. आतला म्हणजे पिस्टनकडचा (पिस्टन म्हणजे ऑइलच्या दाबाने पुढे येणारा दट्ट्या) पॅड जास्त झिजला असेल तर पिस्टन मागे येत नाही, किंवा कॅलिपर सरकत नसल्यामुळे सगळा जोर एकट्या आतल्या पॅडवर पडतो. बाहेरचा जास्त झिजला असेल तर कॅलिपर दाबल्यावर सरकला खरा, पण परत फिरला नाही. आणि पॅड पाचरीसारखा, एका टोकाला जाड नि दुसऱ्या टोकाला पातळ झाला असेल, तर कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या दोन गाईड पिनांपैकी एक अडकली आहे आणि कॅलिपर तिरका ओढला जातोय. माझे डावीकडचे तिन्ही सेटचे बाहेरचे पॅड पाचर झाले होते. शेवटच्याचं एक टोक ७ मिलिमीटर, दुसरं ३. तिन्ही वेळा खालचंच टोक पातळ. आधीचे पॅड एवढे दिवस माझ्या डोळ्यांसमोर पडून होते.

ज्यांना आतली रचना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. बहुतेक लहान गाड्यांत पिस्टन एकाच बाजूला असतो. तो आतला पॅड डिस्कवर दाबतो, आणि त्याच रेट्याने अख्खा कॅलिपर उलट दिशेला सरकून बाहेरचा पॅड ओढून आणतो. हे सरकणं दोन पिनांवर होतं. त्या ब्रॅकेटच्या भोकांत रबरी बूट घालून बसवलेल्या असतात. पिन मोकळी तर ब्रेक मोकळा. बऱ्याच गाड्यांत या दोन पिना सारख्या नसतात, एकीच्या टोकाला खडखड होऊ नये म्हणून रबराचा बुश असतो. माझ्या गाडीत तो खालच्या पिनीवर होता.

कॅलिपर काढून वरची पिन ओढली, बोटाने आली. खालची येईना. पकडीने धरून पिळली तेव्हा कशीबशी बाहेर पडली. तशीच घेऊन बसस्थानकामागच्या चाचांकडे गेलो. चाचांचं आयुष्य जीपगाड्यांच्या ब्रेकमध्ये गेलंय, आता मुलगा काम करतो आणि ते स्टुलावर बसून चहा घेतात. त्यांनी पिन बघितली, बुशला अंगठ्याने दाबलं, वास घेतला.

"ग्रीस कुठलं टाकलंस?"

"घरचंच. ट्रॉलीच्या गनमधलं."

"मंग पॅड कशाला बदलायलास? पॅड बिचारं काय करंल?"

हे होतं सगळ्याचं मूळ. ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या बेअरिंगला आपण जे पिवळं-तपकिरी ग्रीस मारतो ते खनिज तेलापासून बनलेलं असतं. ब्रेकमधलं रबर ब्रेक ऑइलमध्ये टिकावं अशा जातीचं असतं, आणि त्या जातीच्या रबराला खनिज तेल चालत नाही. रबर ते पितं आणि फुगतं. ताज्या ग्रीसने पिन पहिले काही दिवस सरसर चालते, म्हणून आपल्याला वाटतं काम फक्कड झालं. मग बुश फुगत फुगत भोकाच्या अंगाला चिकटतो, ब्रेकच्या उष्णतेने आणखी फुगतो, आणि पिन जाम. माझे ते दोन-तीन आठवडे म्हणजे बुश फुगायला लागणारा वेळ होता.

पण मग डावीकडेच का? पहिल्यांदा पॅड बदलले तेव्हा मी डाव्या बाजूपासून सुरुवात केली होती. तिकडच्या पिना ग्रीसने माखल्या, आणि उजवीकडे वळणार तेवढ्यात आबांनी शेतावरून माणूस पाठवून ग्रीस गन मागवून घेतली, उसाची ट्रॉली निघायची होती. उजव्या पिना मी नुसत्या फडक्याने पुसून बसवल्या. पुढच्या दोन्ही वेळा "उजवं चांगलं चाललंय, त्याला हात लावू नको, डाव्यालाच त्रास आहे" म्हणून डावीकडे आणखी ग्रीस भरलं. जिथे कामचुकारपणा केला ती बाजू धडधाकट राहिली.

चाचांच्या बोलण्यावर माझा विश्वास होता, तरी खातरजमा केली. स्पेअर पार्टच्या दुकानातून बुश-बुटांचा जोड आणला, त्यातला एक बुश बाटलीच्या झाकणात ट्रॉलीच्या ग्रीसमध्ये बुडवून दुकानाच्या फळीवर ठेवला. आठवड्याने नव्या बुशशेजारी धरला तर फरक नुसत्या नजरेला दिसत होता. मऊ, लिबलिबीत आणि जाड.

पिनांना लागतं ते ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस. लहान ट्यूब मिळते आणि पॅडच्या किमतीपुढे तिचा खर्च किरकोळ आहे. लाल रंगाचं रबर ग्रीस मिळतं तेही रबराला चालतं, पिस्टनच्या बुटाला तेच लावा. दुकानदार "सगळं एकच हाय" म्हणाला तरी ट्यूबवरचं वाचा. लावायचंही बेताने, पिनीवर पातळ थर. भोक गच्च भरलं तर पिन आत दाबल्यावर हवा कोंडते आणि पिन बोटाला उलट ढकलत बाहेर येते. तसं झालं तर ग्रीस जास्त झालंय, बुटाची कड किंचित उचलून हवा सोडा आणि जादाचं पुसून काढा.

धुण्याच्या बाबतीतही आपल्याकडची सवय नडते. सुटे भाग म्हटले की डब्यात पेट्रोल नाहीतर डिझेल. बेअरिंगला ठीक, ब्रेकच्या रबराला नाही, कारण तेही खनिज तेलच. ब्रेक क्लीनरचा फवारा वापरा, तो नसेल तर रबरी भाग साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवा. जुनं ग्रीस भोकातून काढायला काडीला फडकं गुंडाळून आठ-दहा वेळा फिरवावं लागलं. मी एकदा पुसून सोडलं असतं तर नवा बुशही त्याच वाटेने गेला असता. आणि पॅडची भुकटी कॉम्प्रेसरने किंवा तोंडाने फुंकून उडवू नका, ओल्या फडक्याने टिपून घ्या. ती छातीत जाणं वाईट.

बुश बदलून काम संपलं असतं, पण ब्रॅकेट धुतल्यावर माझीच दुसरी करणी दिसली. पॅडच्या दोन्ही टोकांना कान असतात, ते ब्रॅकेटच्या खाचेत बसतात आणि मध्ये स्टीलची पातळ क्लिप असते. मी तिन्ही वेळा जुन्याच क्लिपा ठेवल्या होत्या, आणि पॅड घट्ट बसतोय म्हणून हातोडीच्या दांड्याने ठोकून बसवला होता. घट्ट बसतोय म्हणजे चांगला, असं मला वाटायचं! क्लिप काढली तर खाली गंजाची खपली. गंज जागा जास्त घेतो, क्लिपेला आतून वर उचलतो, खाच अरुंद होते आणि पॅडचे कान चिमटीत सापडतात. काळ्या मातीचा चिखल तिथे जाऊन बसतो, वाळून सिमेंट होतो, दुसऱ्या पावसात पुन्हा ओला. शेतरस्त्याने जाणाऱ्या गाडीला हे होणारच.

खाच वायर ब्रशने आणि कानशीने हलक्या हाताने लोखंड दिसेपर्यंत साफ करायची. गंज खरवडायचा, धातू नाही. क्लिपा नव्या टाकायच्या, कित्येक पॅडच्या खोक्यात त्या येतातच आणि आपण फेकून देतो. नवीन पॅडच्या कानांवर कधी रंगाचा जाड थर असतो, तोही पॉलिश पेपरने काढा. परीक्षा सोपी आहे: पॅड दोन बोटांनी खाचेत पुढे-मागे सरकला पाहिजे. खडखडू नये, पण ठोकावाही लागू नये.

बाकी काम जसं करायचं तसंच. गाडी सपाट जागेवर, मागच्या चाकाला दगड, चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच ढिले करायचे, आणि नुसत्या जॅकवर भरवसा न ठेवता खाली घोडी (स्टँड) लावायची. आमच्या अंगणात माती आहे म्हणून मी जॅकखाली फळी टाकतो. काढलेला कॅलिपर ऑइलच्या रबरी होज पाइपवर लोंबकळत सोडू नका, तारेने स्प्रिंगला बांधा. पिस्टन मागे ढकलायच्या आधी ऑइलच्या डबीचं झाकण उघडून पातळी बघा. पॅड झिजलेले असताना कोणी वरपर्यंत ऑइल भरलं असेल तर ते उतू जातं, आणि ब्रेक ऑइल रंग खातं. मी जनावरांच्या इंजेक्शनच्या नव्या मोठ्या सिरिंजने थोडं आधी काढून घेतो. पिस्टनवर जुना पॅड ठेवून सी-क्लॅम्पने सावकाश दाबला की तो सरळ आत जातो. मागेही डिस्क असलेल्या काही गाड्यांत मागचा पिस्टन फिरवत आत न्यावा लागतो, तिथे जबरदस्ती केली तर आतली यंत्रणा तुटते. पॅड झिजल्यावर इशाऱ्याचा आवाज करणारी पत्री पॅडवर असेल तर ती कोणत्या बाजूला होती याचा फोटो काढतानाच घ्या. पिनांचाही घ्या, कारण बुशवाली पिन वर की खाली हे गाडीगाडीवर बदलतं.

आणि चाक बसवून झाल्यावर, इंजिन सुरू करून गाडी हलवायच्या आधी, पेडल पंप करा. घट्ट होईपर्यंत. पिस्टन आपणच मागे ढकललेला असतो, त्यामुळे पहिले दोन-चार दाब पोकळ जातात. माझ्या ओळखीतल्या एकाने हे विसरून गाडी अंगणातून सरळ तुळशी वृंदावनावर घातली. पंप केल्यावर ऑइलची पातळी पुन्हा बघायची. एवढं करूनही पेडल स्पंजासारखं लागलं तर लाइनमध्ये हवा आहे, एअर काढावी लागेल.

आता, तुमच्या पिना मोकळ्या, खाचा साफ, आणि तरी चाक सोडत नसेल तर? तेव्हा निपलची परीक्षा करा. दोन-चारदा ब्रेक दाबून सोडा, चाक उचलून हाताने फिरवून बघा. जाम असेल तर कॅलिपरवरचं एअर काढायचं निपल किंचित ढिलं करा. दाबाने ऑइल उडालं आणि चाक सुटलं, तर दोष ऑइलच्या वाटेत आहे, कोणीतरी दाब अडवून धरलाय. जुना होज पाइप बाहेरून ठणठणीत दिसतो आणि आतून सुजतो. ऑइल जोराने जातं, परत येत नाही. निपल घट्ट करून चाक पुन्हा जाम होऊ द्या आणि या वेळी होजच्या वरच्या टोकाचा, लोखंडी पाइपाकडचा जोड ढिला करा. तिथे सोडल्यावर चाक सुटलं तर दोष वर मास्टर सिलिंडरकडे (पेडल दाबल्यावर ऑइलला दाब देणारा भाग), नाही सुटलं तर होज बदला. निपल उघडूनही चाक जामच राहिलं तर पिस्टन गंजलाय. या परीक्षेनंतर एअर काढल्याशिवाय गाडी रस्त्यावर न्यायची नाही. पिस्टन, मास्टर सिलिंडर किंवा एबीएसचा (ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा, यातलं काही निघालं तर मी स्वतः हात लावत नाही. तिथे माझा हट्ट संपतो.

पहिल्या शंभर-दीडशे किलोमीटरमधली हलकी चीं मात्र मनावर घेऊ नका, पॅड आणि डिस्क एकमेकांना बसत असतात. ते बसवण्यासाठी पहाटे मोकळ्या रस्त्यावर पन्नास-साठच्या वेगावरून पंधरापर्यंत मध्यम दाबाने आठ-दहा वेळा उतरायचं, दर दोन वेळांमध्ये थोडं चालवत गार होऊ द्यायचं, आणि त्या तापलेल्या अवस्थेत ब्रेक दाबून गाडी उभी ठेवायची नाही. मी हे नव्या हायवेवर केलं नाही, तिथे मागून येणारा ट्रकवाला आपली परीक्षा चालू आहे हे समजून घेत नाही.

डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंचे बुश आणि बूट, नव्या क्लिपा, चौथा सेट आणि सगळं ब्रेक ऑइल नवं डॉट ४, एवढं मागच्या दिवाळीत केलं. त्यानंतर गाडी ९,००० किलोमीटर चालली. गेल्या रविवारी चाकं काढून मोजलं: डावा बाहेरचा पॅड वरच्या टोकाला साडेसात, खालच्या टोकाला साडेसात. उजवा थोडा जास्त झिजलाय, त्याच्या क्लिपेखाली गंज धरायला लागला होता. फुगलेला तो बुश चाचांनी मागून घेतला. त्यांच्या दुकानात खिळ्याला लटकवलाय, आणि कोणी ग्रीस गनचं नाव काढलं की ते नुसतं तिकडे बोट दाखवतात.